टाकीच्या झाकणावरचा मारोती

२२ ऑक्टोबर १९५८, दसरा. सकाळी

आजपासून रोज लिहायचं ठरवलं. मोठ्या ड्रायवरजवळ वही असतेच. मी अजून कच्चा ड्रायवर. जुन्या ड्रायवरच्या, पुंडलिकरावाच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तवापासून मालकाची गाडी मीच चालवून राह्यलो. मालक म्हणजे सदाशिवराव, आमच्या हिंगणीचे लाकडाचे ठेकेदार. म्हणे, दिवाळीपर्यंत पाहू. गाडी नीट ठेवली त स्टेअरिंग तुयं, लायसन बी काढून देतो. म्हणजे झालंच.

गाडी लढाईतली, मिलिटरीच्या डिस्पोजल लिलावातली. चारी चाकं ओढते, नाल्यातून सरळ वरतं चढते. मालकानं नागपूरले तिच्या पोटात डिझलचं इंजन बसवून घेतलं. जंगलात तिचा आवाज आला का रानडुकरं रस्ता सोडते.

संध्याकाळी

गाडीची पूजा म्याच केली. तानबा नव्हता, दीक्षेच्या दिवसाले नागपूरले गेलता. दोन वर्षांपासून त्यानं पूजा-बिजा सोडली. लहानपणचा दोस्त आहे. गाडीवर आम्ही दोघंच, पाना त्याच्या हातात अन् स्टेअरिंग मायाजवळ.

शेंदूर तेलात घट्ट कालवला. मडगार्डाले हार, चाकाखाली लिंबू. अन् डिझलच्या टाकीच्या झाकणावर पुरा मारोती बनवला. अंगठ्यानं शेंदूर थापला, डोळे म्हणून दोन कवड्या बसवल्या. मालकानं पाहून हात जोडले. मी तोंड फिरवून हासलो. झाकणाच्या पाया पडणारा माणूस पयल्यांदा पाह्यला.

२४ ऑक्टोबर

सेलूच्या अलीकडं, मोठ्या चिंचेखाली गाडी बंद पडली. पयले हुंदके देल्ले, मग मेली. झाकण खोलून काडी टाकली, तेल भरपूर. झाकण लावलं, तेल ओढायचा हातपंप मारला, फिल्टरचा नट ढिला करून लाइनीतली हवा काढली. चालू. मले डिझलचं सारं समजते हे आज पक्कं झालं.

२५ ऑक्टोबर

पुन्हा. त्याच चिंचेखाली. काडी टाकली, पंप मारला, चालू झाली.

तानबा म्हणे, झाकणाचं भोक शेंदरानं बुजलं, टाकीत हवा जाऊन नाई राह्यली, खरडून टाक. मी पोट धरून हासलो. म्हटलं, दोन दिवस झाले हवा काढून काढून हात काळे झाले, अन् तू म्हणते हवा जाऊ दे. काढायची का घालायची, एक ठरव ना लेका. लाकडं भरणारे मजूर बी हासले. मग म्हटलं, एवढंच आहे त तूच खरड.

"माया हातानं शेंदूर खरडला त उद्या गावात काय होईन, ते तुले समजते," तानबा म्हणे.

कामाचं नाव काढलं का याचे बहाणे.

२६ ऑक्टोबर

चिंचेखाली वाघोबाचा दगड आहे. म्या सकाळीच पिल्लू सोडलं का वाघोबा गाडीजवळून नारळ मागून राह्यला. दुपारपर्यंत चार नारळ जमले. गावातली अनुसयाबाई त गूळ घेऊन आली. खोबरं गोड होतं.

येताना गाडी पुन्हा तिथंच मेली. उरलेला एक नारळ दगडाजवळ ठेवून आलो.

२८ ऑक्टोबर

निर्धार. रोग मुळातून काढायचा. फिल्टर धुतला. सायकलच्या पंपानं नळ्या फुंकल्या. मायच्या लुगड्याचा तुकडा फाडून टाकीचं बूड पुसलं. सारं जोडल्यावर एक वायसर उरला. उरला म्हणजे त्याची गरजच नव्हती, विलायती लोक जास्तीचं सामान टाकते.

माय लुगड्यासाठी बोंबलून राह्यली. तिले मशिनरीची कदर नाई.

गाडी चिंचेच्या पुढं अर्धा मैल जाऊन मेली. अर्ध्या मैलाची प्रगती आहे.

३० ऑक्टोबर

शोध लावला. टाकी अर्धी असली का गाडी दूर जाते. काठोकाठ भरली का लवकर मरते. उपाशी पळते अन् जेवली का निजते, मालकासारखं. अन् काडी टाकली का शहाणी होते. तिले काडीचा धाक आहे.

दुपारी पडल्यापडल्या विचार केला. टाकी भरते कोण? तानबा. भरली का मरते. म्हणजे? डोक्यात लाइट लागला. तानबा डिझलमधी पाणी टाकून राह्यला! स्टेअरिंग त्याले पायजे. बोर नदीत आम्ही संगं पोवायले शिकलो. मास्तराच्या टोपीत बेडूक घातला तवा मार बी संगं खाल्ला. अन् असा दगा.

१ नोव्हेंबर

मालकाले सांगतलं. त्यायनं इचारलं, पाणी तू पाह्यलं काय? म्हटलं, मालक, पाणी दिसत नसते, बुडाले बसते. मालकानं तानबाले बोलावलं अन् उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतलं. मले वाटलं आता हा भांडीन. मी तयारीत होतो. त्यानं पाना मडगार्डावर ठेवला, हात पुसले.

"कवडू, बाटलीभर तेल काढून रातभर ठेवलं असतं त पाणी खाली बसलेलं डोळ्यानं दिसलं असतं. तू पाह्यलं बी नाई."

येवढं बोलला अन् गेला. गुन्हेगार असाच गप जाते. निर्दोष माणूस आरडते. मी असतो त गाव गोळा केलं असतं.

जेवण गेलं नाई. पित्त असंन.

४ नोव्हेंबर

बंदोबस्त. तानबा रातचा येऊन पाणी टाकीन म्हणून झाकणाखाली सायकलच्या ट्यूबाचा वायसर कापून बसवला. वरतून दुहेरी तार आवळली, पकडीनं पीळ देल्ला. आता टाकीत माशी बी जात नाई. वरतून शेंदराचा एक हात आखीन मारला. मारोती पाठीशी पायजे.

६ नोव्हेंबर

आज गाडी एकदा बी बंद पडली नाई. दिवाळीपाई मजूर घरी गेले, म्हणून बाहेर काढली नाई. तरी पण बंद पडली नाई, हे लिहून ठेवतो.

८ नोव्हेंबर

मालकाचा जावई पयल्या दिवाळीले येऊन राह्यला. उद्या वर्धा टेशनावरून आणायचा आहे. मालक म्हणे, हे काम नीट कर, पाडव्याले लायसनच्या अर्जावर सही करतो. मायले सांगून टाकलं का पोरगा ड्रायवर झाला. तिनं लुगड्याचा विषय काढला.

९ नोव्हेंबर

जाताना गाडी चार वेळा मेली. दरवेळी तार सोडली, काडी टाकली, पुन्हा तार आवळली. टेशनावर दोन घंटे उशिरा. जावईबापू ट्रंकेवर बसून होते. अमरावतीचे, कॉलेजातले, अंगात नवाकोरा गरम कोट. वर्ध्यातच टाकी काठोकाठ भरली, तार पक्की पिळली, अन् पकड टेशनाच्या पायरीवर राह्यली.

तीन मैलांवर गाडी मेली. पकड नाई. तार निघे ना. पंप मारून मारून खांदा गेला.

जावईबापूनं इचारलं, झाकण काऊन बांधलं? म्हटलं, चोरापाई. ते म्हणे, चोर कोण? मी फिल्टरकडं पाहत बसलो.

मग त्यायनं कोट काढून धक्का मारला. पॅन्ट उसवली. शेवटी कडब्याची बैलबंडी भेटली. जावईबापू हिंगणीत कडब्यावर बसून आले. मालकीणबाईनं त्यायच्या केसातला कडबा काढून मग ओवाळलं. माया संगं कोणी बोललं नाई.

साऱ्याईनं दगा देल्ला. तानबा, गाडी, वाघोबा. नारळ बी फुकट गेला.

१० नोव्हेंबर

मालकानं वर्ध्याहून बंडूजी मिस्त्रीले आणलं. त्यायनं रस्त्यात उभ्या गाडीजवळ जाऊन इंजन पाह्यलंच नाई. तार तोडली, झाकण फिरवलं. टाकीनं हूऽऽस करून श्वास घेतला, माणसासारखा. आत ओढलेला पत्रा धप करून बाहेर आला. मी दोन पावलं मागं सरलो.

बंडूजीनं बाभळीचा काटा मागतला. कवड्या काढल्या, शेंदूर खरडला, भोकात काटा घालून फिरवला. मग झाकण उन्हात धरलं. सुईएवढा उजेड पडला.

"जेवढं तेल बाहेर जाते तेवढी हवा आत पायजे," बंडूजी म्हणे. "नाईतर पंप ओढून ओढून थकते. हा शेंदूर कोणं थापला?"

खरडलेल्या खपलीवर अंगठ्याचा ठसा पुरा उमटला होता. मालकानं ठसा पाह्यला, मग माया हात पाह्यला. म्या अंगठा मुठीत धरला.

गाडी सेलूवरून, चिंचेखालून, सरळ हिंगणीले आली. हुंदका बी देल्ला नाई.

१२ नोव्हेंबर, पाडवा

तानबाच्या घरी गेलतो. त्याच्या मायनं, सुमित्राबाईनं, मले खाली बस म्हटलं नाई, उठ बी म्हटलं नाई. तानबा अंगणात नवे बूट पुसून राह्यला होता. धरणाच्या सर्वेवाल्यांच्या जीपवर लागला म्हणे. ड्रायवर.

म्हटलं, सारं निघालं, झाकणातच होतं. तो म्हणे, हो. म्हटलं, मंग मले सांगतलं काऊन नाई?

"सांगतलं ना, कवडू. तू हासला."

घरी येऊन वही उघडली. पंचवीस तारीख. लिहिलेलं आहे. अक्षर मायंच आहे.

तरी पण एकदाच सांगतलं त्यानं. खरा दोस्त असता त दोनदा सांगतलं असतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मालकानं मले लाकडाच्या बंडीवर ठेवलं. बैलाले लायसन लागत नाई. डिझल बी लागत नाई, म्हणजे बंद पडायचा सवालच नाई.

चिंचेखाली डावा बैल बसला. काडी दाखवली. उठला नाई. हातात काडी घेऊन उभा होतो, तवाच मागून हॉर्न वाजला. तानबाची जीप. मायावर धूळ उडू नये म्हणून त्यानं हळू केली. मले वाटलं हासते का काय. तो हासला नाई. म्हणे, जू ढिलं कर, मानेले लागून राह्यलं. अन् गेला.

या वेळी बी एकदाच सांगतलं.

जीप वळणाच्या पार जाईपर्यंत मी तसाच उभा राह्यलो. मग जू ढिलं केलं. बैल उठला.