माल्टाचा शब्द

हॅलिगन स्प्रिंग्ज,
रविवार, दुपार

प्रिय झरीना,

लिफाफ्यावर मी 'रीना प्रिचर्ड' असंच लिहिलं आहे, काळजी करू नकोस. पण आत तरी तुला झरीना म्हणू दे. ते नाव घेणारा आता मी एकटाच उरलो आहे. फोनच करणार होतो, पण तुझ्या घरात तो कोण उचलेल याचा नेम नाही. आणि तू उचललास तरी तू मला पावसाचं विचारशील, मी तुला तुझ्या गुडघ्यांचं विचारीन, आणि संपलं. आपण भावंडं कैक वर्षं असंच बोलत आलो. तेव्हा हे पत्र जरा निवांत, एकटी असताना वाच.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी सुरू झाली. रेल्वे बंद पडली त्याला जमाना झाला, रूळही उचलून नेले, पण मातीचा उंचवटा अजून आहे आणि तो ओलांडताना माझं पाऊल अजून क्षणभर अडतं. अलीकडे आपण उंटवाल्यांची पोरं, पलीकडे ते गोरे. आता पलीकडे फार कुणी राहिलंच नाही, तरी अडतं. आजोबांनी लावलेल्या खजुरांपैकी थोडे उभे आहेत. त्यांच्यावर पांढऱ्या पोपटांची टोळधाड येते, सूर्य कलला की नुसता कलकलाट. मी चहा घेऊन खाली बसतो आणि शाळेत मिस प्रायरनी घोटून घेतलेल्या कविता मोठ्यानं म्हणतो. खळाळणारे ओढे, हिरवी कुरणं, धुकं, बर्फ. आपण बापजन्मात वाहता ओढा पाहिला नव्हता, आणि तरी किती जीव लावून म्हणायचो! तुला आठवतं का, बर्फ म्हणजे काय हे तू आजोबांना समजावून सांगितलं होतंस? खाऱ्या तळ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "ते मीठ आहे ना, तस्संच, पण गार." आजोबा दाढीतल्या दाढीत हसले. म्हणाले, "पोरी, मी बर्फातूनच आलोय. आमच्या डोंगरावर ढोपरभर पडायचा." आपण दोघं त्यांच्याकडे बघतच राहिलो. वाळवंटात जन्म काढलेला हा म्हातारा कवितेतल्या गावचा निघाला, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

तू सगळ्यांत छान म्हणायचीस. मिस प्रायर एकदा म्हणाल्या होत्या, "या आवाजावर आणि या रंगावर तू कुठेही खपून जाशील, झरीना." त्यांना कौतुकच करायचं होतं. आपल्या आईकडचा तो आयरिश गोरेपणा आणि हिरवे डोळे सगळे तुझ्या वाटणीला आले आणि मी आजीवर गेलो, तव्याच्या बुडासारखा. तू मला चिडवायचीस, "हयात, तू संध्याकाळनंतर हसत जा रे, म्हणजे तरी दिसशील!" मला तेव्हा तुझा हेवा वाटायचा. पण रस्त्यावर दूर धुळीचा लोट उठला की आजी धावत यायची ती तुझ्याकडे. माझ्याकडे नाही. सरकारी गाडी असली तर ती आपल्यासारख्या मिश्र घरांतली उजळ पोरं गोऱ्यांत वाढवायला उचलून न्यायची, हे तिला माहीत होतं. तिच्या बहिणीची दोन नेली होती. मग ती तुला उंटाच्या खोगिरामागे बसवायची, वर गोणपाट टाकायची आणि स्वतः पुढ्यात पीठ मळत बसायची. साहेब विचारायचा, "आणखी पोरं आहेत का गं इथे?" आजी म्हणायची, "आहेत की, साहेब. हे एवढे उंट माझीच लेकरं!" आणि गोणपाटाखाली तू श्वास धरून. एवढीशी होतीस.

पुढे अ‍ॅडलेडच्या दवाखान्यात नर्सिंगला गेल्यावर मेट्रननं विचारलं, "तुझी माणसं कुठली?" आणि तू म्हणालीस, माल्टाची. वसतिगृहात शेजारच्या खाटेवरची मुलगी माल्टाची होती, एवढंच त्याचं कारण. ते तूच मला एका नाताळात सांगितलंस आणि हसलीस. मी हसलो नाही. बरीच वर्षं मला वाटत होतं, हिला आमची लाज वाटते. लग्न झाल्यावर केव्हिनला कळू दिलं नाहीस, मुलांना कळू दिलं नाहीस, आईच्या मातीला एकटी आलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. पण हल्ली मला ते गोणपाट वारंवार आठवतं. तू लाजली नव्हतीस गं. तू लपली होतीस. आणि बाहेर ये, गाडी गेली, असं तुला पुढे कुणी सांगितलंच नाही.

आता जे झालं ते सांगतो. काल, शनिवारी, आपल्याकडे उंटांच्या शर्यती होत्या. हल्ली शहरातून पुष्कळ मंडळी येतात, टोप्या घालून, फोटो काढत. मी सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. शर्यत संपल्यावर डेनिसनं, म्हणजे आता इथे उंट सांभाळतो त्यानं, आजोबांच्याच पद्धतीनं दोरी खाली ओढून आरोळी दिली, "हूश्टा!" आणि सगळे उंट एकामागून एक गुडघे मोडून बसले. माझ्या शेजारी उभी असलेली एक मुलगी किंचाळलीच. "अगं बाई! माझी आजी आम्हाला जेवायला बसवताना अस्संच ओरडते!"

डेनिस म्हणाला, "का गं, तुझी आजी उंट होती की काय?"

"नाही हो, माल्टाची आहे. हा माल्टाचा शब्द आहे. तुमच्या उंटांना कसा कळतो?"

"मग हे उंट माल्टाहूनच आले असतील, बोटीत बसून!" सगळे खो खो हसले. तीही हसली. झरीना, ती अगदी आईसारखी हसते, आधी खांदे हलतात आणि मग आवाज येतो. मी नाव विचारलं. टेगन प्रिचर्ड. पुढचं विचारायची गरज नव्हती.

गोड पोर आहे. माझ्या शेजारी मातीतच मांडी ठोकून बसली आणि गप्पा मारू लागली. म्हणाली, "आजोबा, तुम्ही कुठले?" मी म्हटलं, "इथलाच." "तसं नव्हे, मूळचे?" मी म्हटलं, "मूळचाही इथलाच. माझी आजी इथल्या अरबाना आदिवासींतली. ती माणसं या तळ्याहून जुनी, असं म्हणायची. आजोबा बलुचिस्तानातून उंटांबरोबर आले. आईचे वडील आयर्लंडहून रूळ टाकायला आले, ते रूळ टाकत टाकत इथेच अडकले." तिचे डोळे मोठे झाले. म्हणाली, "काय नशीबवान हो तुम्ही! आमचं आपलं आजीकडून एकच बेट. आणि तेसुद्धा सापडत नाहीये." मग तिनं सांगितलं. शहरातल्या माल्टाच्या लोकांच्या क्लबात जाऊन तिनं म्हाताऱ्या बायकांना विचारलं, हूश्टा म्हणजे काय हो? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, आमच्या गावात नाही बाई, दुसऱ्या कुठल्या गावचा असेल. तर आता ही पुढच्या महिन्यात माल्टाला निघाली आहे, गावोगाव हा शब्द विचारत फिरायला. ज्या गावात कळेल ते आजीचं गाव. "आजी नुसती म्हणते, जुनं काढू नकोस. पण मला माहितेय, तिला आतून हवं असणार. तिच्या गावची मूठभर माती आणणार आहे मी तिच्यासाठी," असं म्हणाली आणि माझ्याकडे बघून लाजली. माझ्या हातातला चहा गार झाला. तिच्या चपलांना, पायांना, पँटला सगळीकडे आपली तांबडी माती लागलेली होती.

मी काहीही सांगितलेलं नाही. शब्दाचं विचारलं तेव्हाही म्हटलं, उंट काय, कुठल्याही भाषेत बसतात. ती आज सकाळी उत्तरेकडे गेली. आठवडाभर तिकडचे तांबडे डोंगर बघून मग तुझ्याकडेच येणार आहे आणि हा सगळा किस्सा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगणार आहे. तो तुझ्या कानांवर असा अचानक पडू नये, म्हणून हे पत्र उद्याच्या टपालगाडीनं पाठवतो आहे. ते तिच्या आधी पोचेल. तू तिला माल्टाच म्हणालीस तर मी मरेपर्यंत माल्टाच म्हणेन, तुझी शपथ. पण ती पोर परक्या बेटावर दारोदार हिंडेल आणि प्रत्येक दारातून मान हलेल, हे मला बघवत नाही. निघताना तिला कबरस्तान पाहायचं होतं. आजोबा मुसलमानांच्या कुंपणात, आजी अरबानांच्या, तुला माहीतच आहे. आजीच्या दगडापाशी ती वाकली, वर चढलेली वाळू तिनं तळहातानं पुसली आणि विचारलं, "या कोण?" मी म्हणालो, "माझी आजी." ती "अच्छा" म्हणाली आणि पुढे गेली. झरीना, आता कुणी गाडी घेऊन येत नाही. पुढच्या खेपेला ती आली आणि तिनं पुन्हा विचारलं, तर मला 'आपली' म्हणायचं आहे. म्हणू का, एवढंच कळव.

तुझाच, अंधारात न दिसणारा,
हयात