झाडाखालचा नमुना

राहुरी,
पौषातला बुधवार

ती. दाजींच्या सेवेशी,

जालिंदरचा वाकून नमस्कार. (कंबर धरलेली असल्यामुळे तूर्त कागदावरच वाकतो आहे, गोड मानून घ्यावे.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, त्यावर फार विश्वास ठेवू नका. तुमच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं हे ऐकून बरं वाटलं. थेंब वेळेवर घालत जा, आणि डोळ्याला ताण द्यायचा नसेल तर हे पत्र थोडं थोडं वाचा, कारण ते लांबणार आहे. अक्काचा गुडघा आता वाकतो का? तिला माझा नमस्कार सांगा. किंवा नका सांगू, तुम्हीच ठरवा.

आजच्या काळात पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन केला की अक्का तो स्पीकरवर टाकते आणि माझ्या तोंडून 'बरंय' एवढाच शब्द बाहेर पडतो. पाच महिने मी सगळ्यांना 'बरंय' सांगतो आहे. तर पहिली गोष्ट, भाऊबीजेला मी आलो नाही तेव्हा गाडीची क्लचप्लेट गेली असं कळवलं होतं. गाडी ठणठणीत आहे. मी निघालोसुद्धा होतो. राहुरी फॅक्टरीच्या फाट्यापर्यंत आलो, तुमच्या श्रीरामपूरला उजवीकडे वळायचं तिथं थांबलो, दोन ग्लास उसाचा रस प्यालो आणि घरी परतलो. मधल्या काही रविवारी आणि संक्रांतीलाही तेच केलं. रसवाला आता मला ओळखतो आणि न सांगता बर्फ कमी घालतो. अक्कानं ओवाळणीचं ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं, हे तुम्ही फोनवर सहज बोलून गेलात. ते ताट माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आई गेल्यापासून माझं काहीतरी बिघडलं आहे, दाजी. जेवतो, पण काय जेवलो ते आठवत नाही. अंगणात लावलेल्या गाडीत तासतासभर नुसता बसून राहतो. लॅबमध्ये तर कहरच झाला. तुम्हाला माहीत आहे, शेतकरी मातीच्या पिशव्या आणतात आणि मी त्या तपासून सामू (म्हणजे पीएच), नत्र, स्फुरद, पालाश लिहून देतो. बावीस वर्षांत माझ्या हातून चूक झाली नव्हती. आश्विनात मी ओळीनं एकेचाळीस शेतकऱ्यांना सामू आठ पॉइंट एक असाच रिपोर्ट दिला. मुळा धरणाच्या काठापासून शिंगणापूरपर्यंत सगळी जमीन एकाच वाफ्यातली असावी तसा. वाईट म्हणजे एकानंही तक्रार केली नाही. उलट दोघांनी रिपोर्ट अगदी बरोबर आहे म्हणून पेढे आणले. साहेबांनी मात्र पाहिलं. सगळे नमुने मला पुन्हा तपासायला लावले, आणि मग दार लोटून म्हणाले, जालिंदर, तुम्ही मनाच्या कुणाला तरी दाखवा.

आता मनाच्या कुणाला म्हणजे कुणाला? शुभांगीनं (सौ. बरी आहे, तिचाही नमस्कार) नगरला सावेडीत एक बाई शोधून काढल्या. (नगरचं अहिल्यानगर झालं, पण कंडक्टरकडे तिकीट मागताना तोंडात नगरच येतं.) पण गल्लीत काय सांगायचं? मनाचं दुखणं म्हटलं की लोक आधी डोक्याकडे बघतात आणि मग पोरांना घरात बोलावतात. म्हणून दाताचं रूट कॅनाल चाललंय असं सांगून मोकळा झालो. इथेच फसलो. शेजारच्या केशरबाई त्याच दिवशी लवंगांची पुडी घेऊन आल्या. "लवंग दाबून धर बाबा, लई ठणकत आसंल," म्हणाल्या आणि समोर उभ्या राहिल्या. धरावी लागली. तेव्हापासून दर मंगळवारी त्यांच्याकडून मऊ खिचडी येते, आणि त्यांच्या देखत मला एकाच बाजूनं चावावं लागतं. दोन महिने असं चावून आता दाढ खरोखरच दुखायला लागली आहे. दाढ दुखते म्हटलं की माणसं खिचडी घेऊन येतात हो. दुसरं जे दुखतं त्याला कोणी काय आणावं?

पहिल्या दिवशी मी उपाशीपोटी गेलो. तपासणी म्हटली की उपाशी, हे आपल्या अंगात मुरलेलं. सोबत जुनी फाइल, कंबरेचा एक्स-रे आणि शुगरचा रिपोर्ट. मॅडमचं नाव दिशा, वय तुमच्या निकिताएवढं. मला वाटलं ह्या कंपाउंडर असतील, मोठ्या बाई आत असतील. मी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला तर म्हणाल्या, याची गरज नाही. झोपवतील असं वाटलं होतं, तर दोन वेताच्या खुर्च्या, एक घड्याळ आणि कागदी रुमालांचा डबा. (डबा माझ्याकडे तोंड करून ठेवलेला. म्हणजे गिऱ्हाईक रडणार हे धरूनच चालतात.) मग एक फॉर्म. मन उदास वाटणं, कशात रस न वाटणं, असे प्रश्न आणि पुढे रकाने: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. आमच्या रिपोर्टातही कमी, मध्यम, जास्त असेच रकाने असतात, त्यामुळे हात सरावाचा. सगळीकडे 'मध्यम' लिहून दिलं. तसा रकानाच नव्हता.

त्यांनी आधीच सांगितलं की इथलं बोलणं बाहेर जात नाही, मी काय करावं हे त्या सांगणार नाहीत, आणि एका फेरीत गुण येत नाही. मी गोळीचं विचारलं. त्या गोळ्या देत नाहीत, पुढे गरज वाटली तर डॉक्टरांकडे पाठवतील. मग तुम्ही काय देता, असं विचारणार होतो, पण बरं दिसलं नसतं. आणि मग त्या गप्प बसल्या. दाजी, माणूस समोर बसवून एखादी बाई गप्प बसते आणि नजरसुद्धा वळवत नाही, हा काय प्रकार असतो ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. घड्याळाचा काटा मात्र बोलत होता.

मीही तयारीनिशी गेलो होतो. मातीचा नमुना कसा घ्यायचा हे मी बावीस वर्षं शेतकऱ्यांना सांगत आलोय: शेतात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, सगळी माती एकत्र करायची, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा चार भाग, पुन्हा दोन टाकायचे, शेवटी अर्धा किलो उरली की पिशवीत भरायची. तसंच मी एसटीत बसून दुःखाचं केलं होतं. कंबर, शुगर, लॅबमधली भानगड, शुभांगीशी होणारी तोंडातोंडी, सगळं एकत्र करून अर्धा किलो नीट मांडलं. बाईंनी सगळं ऐकलं. मला माझ्या कामाचं विचारलं म्हणून ही नमुन्याची पद्धतही मी खुलवून सांगितली. नमुना कुठून घ्यायचा नाही तेही सांगितलं: बांधाजवळून नाही, उकिरड्याजवळून नाही, झाडाखालून तर मुळीच नाही. तिथली माती वेगळी असते, सगळा रिपोर्ट बिघडवते. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, तुमच्या झाडाखाली काय आहे?

मी उठलो आणि एसटी चुकेल म्हणून सांगून बाहेर पडलो. (त्या वेळी दर अर्ध्या तासाला एसटी होती.) एक्स-रे तिथंच राहिला. तो आणण्याच्या निमित्तानं पुढच्या मंगळवारी जावं लागलं, आणि तेव्हा पन्नास मिनिटं मी त्या कागदी रुमालांच्या डब्यावरची फुलं मोजली. अठ्ठावीस आहेत. त्यानंतरही जातो आहे. आता थोडं बोलतो. आईचं आजारपण, दहावा, नदीवरचं सगळं बोलून झालं. दहाव्याला अक्का रडताना म्हणाली होती, "माय माझी रुसली ती रुसलीच, शेवटपर्यंत माझ्या दारी आली न्हाई." तुम्ही तिला धरून उभे होता. मी पलीकडे पत्रावळी मोजत होतो. पुरेशा होत्या, तरी दोनदा मोजल्या. बाईंना मी पत्रावळींपर्यंत सांगितलं आहे, त्याच्या पुढे जीभ जात नाही. वाटतं, हे असंच राहणार, मी मरेपर्यंत त्या फाट्यावर रस पीत राहणार. मला बरं होण्याची फारशी आशा उरलेली नाही, हे तुम्हाला म्हणून लिहितो.

बाकी ठीक. आईच्या खोलीतली खाट काढली. तिची पिशवी खुंटीला आहे, शुभांगी ती धुऊन टाकू म्हणते, मी नको म्हणतो. थंडी बरी आहे.

आपला,
जालिंदर

ता.क. : खरं काम लिहायचं राहिलं. येत्या मंगळवारी तुम्ही नगरला माझ्याबरोबर याल का? आत यायचं नाही, बाहेर बाकावर बसायचं. कुणीतरी ओळखीचं बाहेर आहे म्हटलं तर मला कदाचित बोलता येईल. अक्काला मात्र काही सांगू नका. दातासाठी जातोय म्हणा.

दुसरा ता.क. : आत्ता लक्षात आलं. ऑपरेशन झाल्यापासून तुमच्याकडे आलेला प्रत्येक कागद अक्काच मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणजे मी हे सगळं कुणाला लिहीत होतो, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत असणार. दाजी, मंगळवारचं राहू द्या.

अक्का, आई रुसली नव्हती. तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती रोज सकाळी नऊवारी नीट नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची. "आज जायाचं का रं चांगुणाकडं?" मी रोज उद्या म्हणायचो. चैत्रापासून श्रावणापर्यंत. गाडी होती, रविवार होते, पाऊण तासाचा रस्ता होता. मला कंटाळा यायचा, अक्का, दुसरं कारण नाही. तिला फोनवरचं ऐकू येत नव्हतं, तुमच्या दोघींचा निरोप्या मीच. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, निकिताच्या लग्नात तू दिलेल्या साडीवरून ती रागावली आहे, म्हणून येत नाही. ते मी रचलं.

रविवारी फाट्यावर न थांबता येतो. दारात उभं करायचं की नाही ते तू ठरव, पण पिशवी घेऊन येतो, ती तुझी आहे. आत शेवया आहेत, त्यांना आता पोरकिडे लागले असतील. सगळ्यात वर तू दिलेली ती डाळिंबी साडी आहे. तुझ्या घरी आल्यावर नेसायची म्हणून तिनं तिची घडी मोडली नव्हती.