पुकेकोहेचा नकार

पुकेकोहे,
न्यूझीलंड, ९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
धम्मदीनाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या पत्राचा फोटो या वेळीही तिरकाच आला. शेवटच्या ओळी वाचायला मी मान वाकडी करून बसले आणि तुमची नात इरा शेजारी उभी राहून खिदळत होती. असो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही लावत नाही, त्यामुळे का होईना, बापलेकीची पत्रं सुरू झाली. मशीनवरचा राग तुम्ही तसाच ठेवा, माझं काही म्हणणं नाही.

इकडे कांद्याची काढणी चाललीय, सगळ्या गावाला वास आहे. इथून ऑकलंडची ट्रेन पुन्हा सुरू झाली म्हणून विवेक खूश आहे. ऑफिसला जाताना झोप काढतो आणि घरी येऊन दमलो म्हणतो.

आता मुख्य बातमी. ऑकलंडच्या महानगर मराठी मंडळाचे अध्यक्ष मोरेश्वरराव मागच्या रविवारी चक्क आमच्याकडे जेवायला आले होते. ते मंडळ म्हणजे शेकडो कुटुंबं, ढोल-ताशा पथक, स्पॉन्सर, सगळा थाट. आणि आमचं मैत्री मंडळ म्हणजे इथली मूठभर घरं, निम्मी आपली, निम्मी अनुराधासारखी पुण्या-मुंबईची. अनुराधाने आणि मी ते सुरू केलं तेव्हाच एक रीत पाडली होती, ज्याचा सण त्याने बसायचं, दुसऱ्याने रांधायचं. गणपतीत तिच्याकडची मंडळी आरती करतात तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात असतो, आणि आरतीला का येत नाही असं कोणी विचारत नाही. जयंतीला आम्ही वंदनेला बसतो तेव्हा अनुराधा खिरीच्या पातेल्याशी घाम पुसत उभी असते. एवढंच आमचं मंडळ, बाबा. पण ते तसंच आहे म्हणून आहे.

मोरेश्वरराव म्हणाले की दोन्ही मंडळं एक करू या. समितीत तुमची खुर्ची राहील, तुमची बाबासाहेबांची जयंती तुमच्या पद्धतीने होईल, शब्द देतो. वर म्हणाले की आमच्याकडे केटरर असतो, तुम्हा कोणाला स्वयंपाकात राबावं लागणार नाही. सासूबाईंची वरणफळं तीनदा मागून घेतली आणि इतकं कौतुक केलं की त्या लाजून आत गेल्या.

विवेकचा होकार आहे, त्याचे ऑफिसातले सगळे मित्र त्याच मंडळात आहेत. इराला तर त्यांच्या लेझीम पथकात घेतलंसुद्धा. आमच्याकडे मुलं किती, एका ट्रॅम्पोलिनवर मावतील एवढी. आणि खरं सांगू का, मीही थकलेय. दिवसभर पाण्याच्या पाइपलाइनींची डिझाइनं करायची आणि शनिवारी हॉलच्या खुर्च्या उचलायच्या. होकार द्यावा असंच वाटतंय. नऊ मार्चला आमच्या बैठकीत हात वर करून ठरेल. तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात, तेव्हा काहीतरी बोलालच. थोडक्यात बोला.

गोळ्या चुकवू नका, आणि माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
धम्मदीना

नांदेड,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीनास,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

थोडक्यात बोला, असं तू इतिहासाच्या मास्तराला सांगतेस! तुझ्या आईनंतर एवढी हिंमत कोणी केली नव्हती. फोटो या खेपेस सरळ काढलाय. इराला सांग.

तुझं पत्र वाचून मला सन १७७४ आठवलं. हसू नकोस. अमेरिकेतल्या वसाहती इंग्रजांवर चिडल्या होत्या आणि त्यांचे पुढारी फिलाडेल्फियात जमले होते. शेजारी क्वेबेक, म्हणजे आजच्या कॅनडाचा भाग. तीही इंग्रजांचीच वसाहत, पण माणसं फ्रेंच आणि धर्म कॅथलिक. या पुढाऱ्यांनी क्वेबेकच्या लोकांना लांबलचक, गोड पत्र लिहिलं की आमच्यात या, तुमचा धर्म निराळा असला तरी बिघडत नाही, स्वातंत्र्य असल्या कोत्या गोष्टींच्या वर असतं. पत्र फ्रेंचमध्ये छापून वाटलं. मध्येच एक खडा होता. तुम्ही थोडे आहात, तेव्हा शेजारचे सगळे जन्माचे दोस्त हवेत की जन्माचे वैरी, याचा विचार करा, असं म्हटलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. त्याच पुढाऱ्यांनी त्याच आठवड्यात इंग्लंडच्या जनतेला दुसरं पत्र लिहिलं होतं. त्यात तक्रार अशी की सरकार क्वेबेकात त्या कॅथलिक धर्माला थारा देतंय, ज्याने तुमच्या बेटावर रक्ताचे पाट वाहवले! दोन्ही पत्रं जाहीर, छापील. क्वेबेकच्या लोकांनी दुसरंही वाचलं. तेही वाचतील, हे या शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मोरेश्वररावांना मी ओळखत नाही. माणूस भला असेल. माझं विचारणं एवढंच, की तुमच्या टेबलावर बसून ते जे बोलले तेच स्वतःच्या लोकांसमोर बोलतात का?

विहीणबाईंना जयभीम सांग. वरणफळांचं वर्णन लिहून म्हाताऱ्याचा छळ करू नये ही विनंती.

तुझा,
बाबा (दादाराव)

पुकेकोहे,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. माझं डोकं अजून तापलेलं आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नका.

शनिवारी महानगर मंडळाची सभा होती. त्यांच्या सभा यूट्यूबवर लाइव्ह असतात आणि सासूबाई एकही सोडत नाहीत. ओट्यावर टॅबलेट टेकवून त्या मेथी निवडत बघत होत्या. सभेत कोणी बाईंनी विचारलं की पुकेकोहेची मंडळी आली की आपल्याकडे ते जयंती वगैरे करावं लागणार का. मोरेश्वरराव हसले आणि म्हणाले की एक-दोन वर्षं चालू द्या, मग आपोआप थंडावेल, एकदा आपल्यात आले की वळण लागतं. वळण! आम्हाला वळण लावणार! इंजिनिअर झालो, देश बदलला, घर बांधलं, पोरगी हायस्कुलात गेली, आणि अजून आम्हाला वळण लागायचंच राहिलंय. बाबा, मला रडू नाही आलं, मला नुसता संताप आला.

आणि पुढचं लिहायलाही नको वाटतं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला. दुसऱ्या रांगेत विवेक बसला होता. तोही टाळ्या वाजवत होता.

सासूबाईंनी गॅस बंद केला आणि तो घरी आल्यावर त्याला वाढलं नाही. या घरात असं कधी झालं नव्हतं. तो म्हणाला की मित्राशी बोलत होतो, लक्ष नव्हतं, सगळ्यांनी वाजवल्या म्हणून हात वाजले. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की तुझ्या वडिलांनी कारखान्याच्या गेटवर जयंतीची वर्गणी मागताना शिव्या खाल्ल्या, त्या या टाळ्यांसाठी नव्हे. मग आपल्या खोलीत निघून गेल्या. तेव्हापासून विवेक घरात पाहुण्यासारखा वावरतोय, आणि मीही त्याच्याशी धड बोललेली नाही.

अनुराधा तर माझ्याहून वरताण. ती म्हणते की दुसऱ्याच्या सणाला खीर ढवळणं म्हणजे काय ते या माणसाला कळलंच नाही, तो केटरर काय घेऊन बसलाय. आत्ता फोन लावते म्हणून उठली होती, मीच बसवलं. पण मी एक खरमरीत मेल लिहून ठेवलाय. पाठवू ना?

तुमची,
धम्मदीना

नांदेड,
२८ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीनास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

मेल पाठवू नकोस. जे बोलायचं ते बैठकीत, तोंडावर बोल. आणि विवेकशी अबोला धरू नकोस. तो गर्दीबरोबर टाळ्या वाजवणारा मुलगा आहे, हा दोष मोठा आहे, पण मनाने खोटा नाही. मला तो जावई आवडतो.

क्वेबेकचं पुढे काय झालं ते सांगतो. पत्राने काम झालं नाही म्हणून वर्षभराने अमेरिकनांनी फौज धाडली. माँट्रियल घेतलं, पण क्वेबेक शहरापुढे ऐन हिमवादळात मार खाल्ला. मग सत्तरीच्या बेंजामिन फ्रँकलिनना थंडीवाऱ्यात समजूत घालायला पाठवलं. सोबत एक कॅथलिक पाद्री दिला, छापखानावालाही दिला. फ्रँकलिन दोन आठवड्यांच्या आतच परत फिरले. बहुतेक क्वेबेकवाल्यांना इंग्रजांचं प्रेम होतं असं नाही, ते आपले घरात बसून राहिले. पुढे अमेरिकेच्या पहिल्या घटनेत पुढाऱ्यांनी अकरावं कलम घातलं, की कॅनडाला यायचं असेल तेव्हा दार उघडं आहे. कॅनडा काही आला नाही. तुमच्या शेजारच्या ऑस्ट्रेलियाच्या घटनेतही राज्यांच्या व्याख्येत न्यूझीलंडचं नाव अजून आहे. हे इराच्या शाळेत सांगतात का विचार.

पण आता बाप म्हणून बोलतो. मूठभरांना एकटं राहणं जड जातं. इराला सवंगडी हवेत आणि तुझी कंबर आत्ताच बोलतेय. मी घटना शिकवणारा माणूस, माझा कागदावर विश्वास. माझं ऐकशील तर आत जा, पण लेखी घे. जयंती कधीही बंद होणार नाही, हे त्यांच्या नियमावलीत घालून घे आणि मग सही कर.

राग गिळू नकोस, पण त्यावर स्वार हो. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझा,
बाबा

पुकेकोहे,
१० मार्च २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

आधीच सांगते, तुमचा सल्ला मानला नाही. आता रागावून चष्मा काढून ठेवू नका, पूर्ण वाचा.

काल बैठक झाली. मोरेश्वरराव पाहुणे म्हणून आले, बर्फीचा बॉक्स घेऊन. मी सगळ्यांसमोर त्यांना सभेतल्या बोलण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले की मला तसं म्हणायचं नव्हतं, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. मग म्हणाले की हवं तर लेखी देतो, नियमावलीत घालतो. बाबा, अगदी तुमचेच शब्द! सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि क्षणभर मी डळमळले. वाटलं, घ्यावं लेखी आणि सुटावं एकदाचं.

पण मी बोलले. म्हटलं की जो लपवतो त्याला कागदाने बांधता येतं. तुम्ही लपवलं कुठे? कॅमेऱ्यासमोर बोललात, हसत बोललात, कारण आम्ही ऐकत असू हे तुमच्या मनातही आलं नाही. उद्या तुमच्या नियमावलीतलं वाक्य वाचणारे तुम्हीच, त्याचा अर्थ लावणारे तुम्हीच आणि मतं मोजणारेही तुम्हीच. आमचा सण तुमच्या परवानगीने होणार असेल तर तो आम्हाला नकोच. एवढं बोलून मी खाली बसले.

मग विवेक उठला. मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला की त्या सभेत मी टाळ्या वाजवल्या, माझ्या आईने ते पाहिलं, आणि तेव्हापासून मला माझ्याच घरात मान वर करता आलेली नाही. माझं मत नकाराला, असं म्हणाला आणि हात वर केला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यानंतर अनुराधाचा हात, मग एकेक करत बहुतेक सगळे. दोन घरांनी मात्र होकार दिला, त्यांची मुलं मोठी होतायत, मी त्यांना दोष देत नाही.

अनुराधाने लगेच एक ठराव मांडला, की महानगर मंडळातल्या कोणालाही आमच्या कुठल्याही कार्यक्रमाला यायला परवानगी लागणार नाही, कधीही या, पण आल्यावर स्वयंपाकाला हात लावावा लागेल. तुमच्या अकराव्या कलमाचं मी तिला सांगितलं होतं, ते तिने असं उलटं फिरवलं. ठराव हसत हसत पास झाला. मोरेश्वररावांनी बर्फी उघडलीच नाही, तशीच परत नेली.

फुकट काहीच मिळालं नाही. इराला लेझीम पथकातून काढलं, संध्याकाळीच मेसेज आला. ती इंग्रजीत म्हणाली की ठीक आहे, एवढं काही नाही, आणि दार लावून रडली. विवेक दाराशी बराच वेळ बसून होता. मला फार वाईट वाटलं, बाबा, आणि तरीही काल जे केलं ते उद्या पुन्हा करीन.

आज सकाळी मोरेश्वररावांचा फोन आला. आवाज गोडच होता. म्हणाले की भावनेच्या भरात चूक करताय, माणसं कमी होत जातील, दोन वर्षांत तुमचं मंडळ बंद पडेल. मी म्हटलं, पडेलही. पण पडलं तर आमच्या हातांनी पडेल, आणि त्या वर्षाची जयंती करूनच पडेल. मग मीच फोन ठेवला.

आशीर्वाद पाठवा. सल्ला ऐकला नाही म्हणून माया कमी करू नका.

तुमचीच,
धम्मदीना