काठोकाठ

३ फेब्रुवारी

चि. नटबोल्ट यास अनेक आशीर्वाद.

लहानपणी नटबोल्ट गिळून घर डोक्यावर घेतलं होतंस, तेव्हा चिकटलेलं नाव काही सुटायचं नाही. स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरला उभा राहा नाहीतर मालक हो. पत्र अशासाठी की फोनवर तुझी आई कान देऊन बसते आणि पोराला किती कामं सांगता म्हणून माझ्यावरच उखडते.

आपल्या पिकअपचे मागचे दोन्ही शॉकअप गेले. तेल गळतंय, आणि खड्ड्यातून गेली की गाडी बराच वेळ नाचत राहते. बाकी म्हातारी ठणठणीत आहे. स्प्रिंगचे पाटे शाबूत, इंजिन एका हाकेला ओ देतं. खाणीवरून खडीच्या खेपा जोरात चालू आहेत, तेव्हा त्यातल्या त्यात दणकट जोडी पाठव.

आई बरी आहे. कंबर जरा धरते, वय झालं, दुसरं काय. धाकटी बेकरीत जाते आणि घरी येऊन माझं डोकं खाते. माया आहेच, ती ठेव.

तुझा
बाबा

१० फेब्रुवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. जोडी बाजूला काढून ठेवली आहे, पण पाठवण्याआधी एक विचारतो. आमचे मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच विचारतात, रोज वजन किती? दणकट शॉकअप भरल्या गाडीला झकास. पण हौदा रिकामा असला तर तेच उलटतात. गाडी प्रत्येक खड्ड्यात आपटते, आत बसलेल्याचे दात खुळखुळतात. गाडी अर्धा वेळ जरी रिकामी धावत असेल तर मऊ जोडी घ्यावी. म्हणून खरं काय ते कळवा.

आईच्या कमरेचं डॉक्टरांना दाखवलंत का? फोनवर विचारलं की ती माझ्या जेवणाचं विचारत बसते. धाकटीला म्हणावं, पाव जाळू नकोस.

आपला
मुलगा

१६ फेब्रुवारी

चि. नटबोल्ट यास आशीर्वाद.

अरे वा, बापाला गाडी शिकवतोस! वजन विचारतोस ना? हौदा काठोकाठ भरलेला असतो. झालं समाधान? मुकाट्याने दणकट जोडी पाठव.

आईला दाखवलं, गोळ्या दिल्यात. काळजी करू नकोस आणि उगीच रजा टाकून येऊ नकोस.

तुझा
बाबा

२१ मार्च

ती. दादास, सा. न.

हे पत्र मी बेकरीच्या मागच्या खोलीत बसून लिहितेय. घरी कळलं तर आई बोलायची नाही माझ्याशी. पण आता गप्प राहवत नाही.

दादा, खाण बंद पडून वर्ष होत आलं. खडी नाही की खेपा नाहीत. आईची कंबर म्हणजे कंबर नाही रे, तिच्या हाडांत रोग पसरलाय. तुला कळलं तर नोकरी सोडून येशील, म्हणून तिने आम्हा दोघांकडून वचन घेतलं. तिला बसवत नाही. दर आठवड्याला मोठ्या दवाखान्यात नेतो ते पिकअपमध्ये, हौद्यात गादी घालून. वर ताडपत्री, आणि मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसते. हौद्यातलं वजन म्हणायचं तर तेवढंच.

तुझे शॉकअप बसवले आणि रस्त्यातला खडान्‌खडा आईला लागायला लागला. बाबा बैलगाडीपेक्षा हळू चालवतात. तरी गेल्या खेपेला लाकडाच्या वखारीसमोरच्या चरावर गाडी आपटली आणि आईच्या मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, अशी हाडं खोकल्यानेसुद्धा मोडतात. आई म्हणते, पोराने हौसेने पाठवलेत, त्याला कोणी काही बोलायचं नाही.

बाबा जेवत नाहीत. गाडीखाली निजून त्या शॉकअपकडे बघत राहतात. तूच काहीतरी लिही त्यांना, माझं ते ऐकत नाहीत.

तुझी
धाकटी

२५ मार्च

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

मला सगळं कळलं. धाकटीवर रागावू नका. आईवर मी रागावलोय, ते तिला येऊन सांगेन.

बाबा, चूक माझी आहे. तुमची जोडी बरोबरच काढली होती, पण बांधताना खोक्यांची अदलाबदल झाली आणि तुम्हाला मोठ्या ट्रकची, दगडासारखी जोडी आली. मालकांनी मला झापलंही. तुम्ही मागितलं ते बरोबरच होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मऊ जोडी आज ट्रान्सपोर्टने रवाना केली आहे. रजा मंजूर झाली की निघतोच. तोवर आईला हलवू नका.

आपला
मुलगा

२ मे

चि. नटबोल्ट यास अनेक आशीर्वाद.

तू आलास, आईचं दहावं-तेरावं सगळं केलंस आणि गेलास. इतके दिवस पायरीवर शेजारी बसलो, पण शॉकअपचं नाव ना तू काढलंस ना मी. तोंडाने मला जमणार नाही म्हणून लिहितो.

अरे शहाण्या, मोठ्या ट्रकचा शॉकअप आपल्या गाडीला बसेल का? भोकं तरी जुळतील? मी माझ्या हाताने बसवलेत ते, एकदाही हातोडी मारावी लागली नाही. काउंटरला इतकी वर्षं काढून असली थाप मारतोस? खोटं बोलायला माझ्याकडून शिकलास, पण नीट शिकला नाहीस.

तू सरळ विचारलं होतंस. रिकामी म्हटलं असतं तर तू खाणीचं विचारलं असतंस, मग गाडी कशाला पळवता ते विचारलं असतंस, आणि तिला दिलेला शब्द गेला असता. मला वाटलं, गादी जाड घातली की भागेल. नाही भागलं. तेव्हाच मी तिला एका हाताने उचलून हौद्यात ठेवायचो रे, आणि तुला लिहिलं काठोकाठ.

तुझी मऊ जोडी वाटेत अडकली होती, ती काल पोचली. धाकटी नको म्हणत होती, तरी बसवली. वखारीसमोरच्या चरावरून गाडी नेली. काहीच जाणवलं नाही. वळवून पुन्हा नेली, तरी नाही. मग गाडी कडेला घेतली आणि खूप रडलो.

धाकटी माझं डोकं खात नाही हल्ली. तिला तू पत्र घालत जा. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागतो. आणि तू वजन विचारलं होतंस, त्याचं खरं उत्तर राहिलंय. वजन काही नाही. गाडी रिकामी आहे.

तुझा
बाबा