जळकट वासाची जिन

ब्लांदीनताई,

लंडनला सुखरूप पोचलो, जेवणखाण ठीक आहे. बाबांचा गुडघा कसा आहे? फोन तेच उचलतात, म्हणून पत्र लिहितोय. एकटीच वाच.

काल आपली जिन एका मोठ्या दुकानाच्या मालकिणीला चाखायला दिली. सफरचंदाच्या ब्रँडीच्याच भट्टीत गाळलीय म्हटल्यावर बाई खूश झाल्या. पण घोट घेताच त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. "अहो, हिला जळकट वास येतोय. तुम्हीच बघा."

मी हुंगली, तोंडात घोळवली. ताई, नुसतं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून मला वासच येत नाही. येईल परत, म्हणून कुणाला बोललो नाही. ही सगळी जिन मी अंदाजाने गाळली.

"तो जिनमधल्या जुनिपरच्या फळांचा गुण आहे," मी ठोकून दिलं.

"मग तुमच्या नॉर्मंडीत जुनिपर भाजून खातात वाटतं!" बाई हसल्या आणि पेला तसाच ठेवून गेल्या.

दोन वर्षं थंडीने मोहोर करपला, ब्रँडीची पिंपं रिकामी पडलीत. ही जिन खपली नाही तर बाग विकावी लागेल. रात्री डोळा लागत नाही.

तळघरातली एक बाटली उघड आणि चाखून खरं ते कळव. माझी समजूत घालू नकोस. बिघडली असेल तर सगळी ओतून दे आणि नवी तू गाळ. बाबांनी तुला कधी भट्टीपाशी फिरकू दिलं नाही, आणि मीही गप्प बसलो. आता त्यांना मी सांगतो. तू फक्त हो म्हण.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
यूग