मागल्याची जागा

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

आलो एकदाचा. वळकटी, स्टोव्ह आणि दोन पिशव्या घेऊन हिंगोलीहून एसटीने निघालो. कंडक्टरला चार्जिंग स्टेशन म्हटलं तर उमगेना. तेव्हा मागच्या सीटवरचा एक म्हातारा म्हणाला, पुनमचंदच्या चहापाशी उतरवा त्याला, तिथं गाड्यांना वायरी लावून राहिलेत. घाट अर्धा चढला की रस्त्याच्या कडेला सपाट जागा लागते. तिथे पत्र्याची शेड, दोन चार्जिंग पॉइंट, एक ऑफिस आणि मागे एक खोली. एवढ्या राज्याचा राजा आता मी, साजीद.

मोबाइलचं दुकान बंद पडल्यापासून वर्षभर रिकामाच होतो. बायको बिलकीस आणि मुलगी सिमरन तेव्हापासून जालन्याला, बिलकीसच्या माहेरी. कंपनीचा साहेब म्हणाला की काम नीट दिसलं तर खोलीत कुटुंब ठेवायला हरकत नाही. मला एवढंच हवं आहे. सिमरन सात वर्षांची झाली आणि फोनवर बोलताना मला आता 'आप' म्हणायला लागली आहे. पाहुण्याला म्हणतात तसं.

ही रोजनिशी मराठीत लिहितो ते बरं आहे. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतला, बिलकीस उर्दू शाळेतली. वही हाती लागली तरी तिला ओ की ठो कळायचं नाही.

समोर पुनमचंददादांची चहाची टपरी आहे. तांडा खाली उतारावर. त्यांच्या बायकोने, बेबीबाईंनी, न मागता भाकरी आणि ठेचा आणून दिला. जाताना एक भाकरी रस्त्याकडेच्या दगडावर ठेवून गेल्या. कुत्र्यासाठी का, विचारलं तर म्हणाल्या, मागल्यासाठी. मी म्हटलं, कुत्रा मागचा असो की पुढचा, भाकरी त्याचीच. त्या हसल्या नाहीत.

१३ ऑक्टोबर

हे काम मला आवडायला लागलं आहे. पेट्रोलवाल्याला कुठेही पंप सापडतो, पण बॅटरीवाल्यांची सगळी भिस्त मोबाइलच्या ॲपमधल्या, पॉइंट चालू आहे म्हणणाऱ्या हिरव्या ठिपक्यावर. मागचं स्टेशन बंद निघतं, चढ बॅटरी पिऊन टाकतो, आणि मग एसी बंद, काचा खाली, बायकापोरं घामाघूम, अशा थाटात गाडी माझ्यापाशी येते. काल औंढ्याला दर्शनाला निघालेले एक बँकेतले साहेब आले. चार्जिंगच्या वायरीची गन गाडीला लागल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. नवस नागनाथाला आणि पावलो मी.

अडचण एकच. पॉइंट दोन, पण चालू एक. दुसऱ्याला माझ्या आधीच्या माणसाने, रणजीतने, पोत्यात गुंडाळून वर 'बंद' लिहिलंय. आज पोतं काढून पाहिलं. मशीन ठणठणीत आहे.

पुनमचंददादा धावत आले. म्हणाले, साजीदभाई, दिवसा काय करायचं ते करा, पण दिवेलागणीला एक जागा खाली पायजे. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ न धान्य वाहायचे तेव्हा याच सपाटीवर तळ पडायचा. सगळ्यांच्या खुंट्याला बैल बांधले तरी एक खुंटा रिकामा ठेवायचे. चढात जो मागे पडला, लंगडला, त्याच्यासाठी. तो कधीतरी पोचतो. जागा खाली दिसली तर गुमान बसतो, उजाडायच्या आत निघून जातो. खाली नसली तर कुणाचीतरी घेतो. अन् ज्याची घेतली, त्यानं मंग मागं राहायचं.

मी म्हटलं, दादा, मागून येणाऱ्याची गाडी इलेक्ट्रिक आहे की डिझेल? ते म्हणाले, रणजीतबी असंच बोलायचा पहिल्यांदा.

१७ ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी सुरू. दुपारी शेडबाहेर रांग लागली होती, एका गाडीत तान्हं लेकरू रडून रडून निळं पडलं होतं, आणि शेजारी धडधाकट मशीन पोत्यात. माझ्याने बघवेना. पोतं काढलं, मशीन चालू केलं. ॲपवर दुसरा ठिपकाही हिरवा झाला.

संध्याकाळी साहेबांचा फोन. खूश होते. कुटुंब आणा म्हणाले. मी लगेच बिलकीसला कळवलं. सुट्टी संपायच्या आत तिचा भाऊ अजीज आपल्या नव्या गाडीने दोघींना आणून सोडणार. गाडी बॅटरीचीच आहे, म्हणजे मेहुणा माझाच गिऱ्हाईक. सिमरनने विचारलं, तिथे झोका बांधता येतो का. लिंबाला बांधून ठेवला आहे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

झालं तसं लिहून ठेवतो.

दिवे लागायच्या वेळी दोन्ही पॉइंट भरले होते. दुसऱ्यावर योगेश नावाचा माणूस, बायको निलम आणि छोटी मुलगी. बहिणीकडून ओवाळून घेऊन परत चालले होते, कपाळावर कुंकू होतं. योगेश माझ्याशी क्रिकेटवर बोलला आणि चहा आणायला टपरीकडे गेला.

तेवढ्यात चढाच्या बाजूने एक माणूस चालत आला. गुडघ्यापर्यंत धूळ, धाप लागलेली. एक एक पॉइंट बघत आला. दुसऱ्या गाडीपाशी थांबला, दार उघडलं आणि योगेशच्या जागेवर बसला. मी ओरडणार होतो. पण निलमने त्याला पाण्याची बाटली दिली आणि चहा एवढ्यात पिऊन झाला का, असं विचारलं. मुलगी मागून त्याच्या गळ्यात पडली. त्याने मला खुणेने गन काढायला सांगितली. मी काढली. गाडी गेली.

मग टपरीकडून एकजण दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन आला आणि माझी गाडी कुठे आहे म्हणाला. मी त्याला ओळखलं नाही. मी त्याच्याशी बोललो होतो, हे मला आता, लिहिताना कळतंय. त्या वेळी तो कुणीतरी परका वाटला. त्याने माझ्या फोनवरून निलमला फोन लावला. ती म्हणाली, माझे मिस्टर शेजारी गाडी चालवतायत, तुम्ही कोण? त्याने पुन्हा लावला. मग तिने उचलला नाही.

तो रस्त्याने चालत गेला. ग्लास तसेच कठड्यावर आहेत. कपाळावरचं कुंकू मात्र मी पाहिलं होतं.

२४ ऑक्टोबर

सकाळीच बेबीबाईंनी दुसऱ्या पॉइंटला पोतं बांधलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. पुनमचंददादांना विचारलं, आता योगेशचं काय? म्हणाले, जल्म दिलेली मायबी वळखणार न्हाई त्याला. तो येत राहील. खाली जागा दिसली तर बसंल. न्हाई दिसली तर त्यानं तरी काय करावं? त्याला घर पायजे असतं, दुसरं काय.

आधीच का नाही सांगितलं, असं म्हणणार होतो. सांगितलं होतं.

साहेबांना फोन करून दुसरा पॉइंट बिघडलाय असं सांगितलं. ते म्हणाले, इथून सगळं दिसतं, मशीन चांगलं आहे. ॲपवर ठिपका हिरवाच राहील. पुन्हा असं केलं तर खोली विसरा.

२६ ऑक्टोबर

योगेश आला. पोत्यातल्या मशीनला टेकून बसला. मी पाणी दिलं. त्याला मुलीचं नाव आठवत नव्हतं. सारखा विचारत होता, तुम्हाला सांगितलं होतं का मी. नव्हतं सांगितलं. ढसाढसा रडला. मीही रडलो. पहाटे जागा रिकामी होती.

बिलकीसला फोन केला. येऊ नकोस म्हटलं, निदान रेल्वेने हिंगोलीला ये, मी स्टेशनवर येतो. कारण काय सांगणार? ती म्हणाली, सरळ सांग, आम्ही तुला नको आहोत. वर्षभर मी माहेरच्यांचं ऐकून घेतलं, आता तुझंही ऐकू का? फोन ठेवला. अजीजला नवी गाडी घाटात चालवून दाखवायची आहे. त्याला काय समजावणार.

१ नोव्हेंबर, दुपार

निघाले ते. थांबले नाहीत.

अजीजचा फोन आला होता. वाटेतलं स्टेशन बंद निघालं. बॅटरी जेमतेम घाटापुरती. ॲपवर तुमचे दोन्ही ठिपके हिरवे आहेत, भाईजान, काळजी काहून करून राहिले? दिवे लागायच्या वेळी पोचतील. परत फिरा म्हणता येत नाही, परतायला चार्ज नाही. थांबा म्हणता येत नाही, चढावर थांबायला जागा नाही.

ठरवलं. पहिला पॉइंट अजीजसाठी साखळी लावून राखायचा. दुसरा योगेशसाठी खाली. हिशेब सरळ आहे. सगळ्यांना जागा आहे.

१ नोव्हेंबर, ऊन उतरताना

एक गाडी आली आहे. आत सुमनबाई म्हणून म्हातारी, श्वास लागलेला, नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं आहे. गाडी शून्यावर. मुलगा पाया पडला. मी साखळी काढली. काय करणार होतो? तासाभरात होईल असं वाटलं. पण व्होल्टेज पडलंय, गाडी मुंगीच्या पावलाने भरते आहे. मुलगा म्हणतो, अजून थोडं, नाहीतर पुढे रस्त्यात माय मरंल माझी.

ऊन डोंगराच्या कडेला आलं.

पुनमचंददादांनी टपरी लवकर बंद केली. बेबीबाई भाकरी ठेवून गेल्या. आज दोन ठेवल्या.

खाली वळणावर अजीजचा हॉर्न. सिमरन काचेतून हात काढून —

१ नोव्हेंबर, नंतर

लिहितो. लिहिलं तर राहील.

म्हातारीच्या मुलाला गन काढ म्हणून विनवत होतो. मागे वळलो तर अजीजने पोतं फाडून दुसरी गन लावली होती. हसत होता. इतकी चांगली मशीन झाकून काहून ठेवली, म्हणाला. दोन्ही भरले. गन ओढली, निघेना, चार्जिंग सुरू झालं की पडतं ते कुलूप पडलेलं. रस्त्यावर तो दिसला. योगेश. चालत येत होता.

मग एकच सुचलं. सगळ्यांना आपापल्या जागेवर बसवायचं. कुणी उतरलेलं नसलं तर तो घेणार कुणाची? अजीजला ढकलून आत बसवलं. बिलकीसला उतरू दिलं नाही. सिमरन माझ्याकडे झेपावली, तिला परत सीटवर ठेवून दार लावलं. ती घाबरून रडायला लागली. म्हातारी, तिचा मुलगा, सगळे आत. दारं बंद. मी रस्ता अडवून उभा राहिलो.

योगेशने एक एक जागा पाहिली. एकही खाली नव्हती. मला म्हणाला, माफ कर, भाऊ. आणि माझ्या बाजूने ऑफिसात गेला.

माझी खुर्ची. मी सगळ्यांना बसवलं आणि माझी खुर्ची —

१ नोव्हेंबर

खिडकीतून दिसतंय. तो माझ्या खुर्चीवर. सिमरन त्याच्या मांडीवर. अब्बा म्हणाली त्याला. 'आप' नाही म्हणाली, 'तुम' म्हणाली, पहिल्यासारखी. बिलकीस डबा सोडते आहे. त्याचा घास खाली जात नाही, रडतोय तो, ती ओढणीने त्याचे डोळे पुसते आहे.

मी काचेवर हात मारला. बिलकीस बाहेर आली. अजीजला हाक मारली, कोण बाबा हा? मी तिचं नाव घेतलं. तिच्या माहेरच्या गल्लीचं नाव सांगितलं. तिने ओढणी सारखी केली आणि दोन पावलं मागे गेली. पाणी पायजे का, विचारलं. भांडं जमिनीवर ठेवून दार लावून घेतलं. आतून कडी वाजली.

३ नोव्हेंबर

चालून चालून पुन्हा इथेच येतो. थांबलं की पाय आपोआप उचलतात. दगडावरची भाकरी खाल्ली. बेबीबाईंनी पाहिलं. मान खाली घातली त्यांनी.

ही वही बिलकीसच्या दारात ठेवली होती. तिने उघडून पाहिली, वाचता आली नाही. त्याच्याकडे दिली. त्याने दोन पानं वाचली आणि बाहेर आणून दगडावर ठेवली. माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.

संध्याकाळ झाली की तो खुर्चीवरून उठत नाही. त्याला माहीत आहे.

५ किंवा ६

झोक्यावर ती होती. मला पाहून पळाली. तिचं नाव आधीच्या पानावर आहे. पान उलटून पाहावं लागलं.

दिवेलागण

दोन्ही ठिपके हिरवे होते. दोन्ही भरले.

खाली जागा नाही. पाहिलं. पुन्हा पाहिलं.

खुर्चीवर तो आहे. आत दिवा आहे. बिलकीस काहीतरी तळते आहे, वास येतो — बिलकीसच ना —

दुसऱ्या पॉइंटवर पांढरी गाडी. माणूस आत्ताच चहाला उतरला. चांगला माणूस आहे, माझ्याकडे बघून हसला. बायको पुढे बसली आहे. मागे एक पोरगी, तेवढीच, सात वर्षांची असेल, काचेवर बोटाने काहीतरी काढते आहे.

नको. त्याला हाक मारतो. परत बसा म्हणतो. त्याला सांगतो की —

पोरीने मला पाहिलं. घाबरली नाही. दार उघडंच आहे. ती म्हणते आहे, पप्पा, लवकर या ना —