मॅकडाराचे नाव दगडावर कोरू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
आर्डक्लून काउंटी परिषद,
परिषद भवन, आर्डक्लून, आयर्लंड.

विषय : ट्राबान दफनभूमीत माझ्या पतीच्या कबरीवरील दगडावर आमच्या मुलाचेही नाव कोरण्यास परवानगी मिळणेबाबत, आणि ती आपल्या अधिकारात नसल्यास विषय परिषदेच्या सभेपुढे ठेवणेबाबत.

संदर्भ : "ट्राबान येथील जागा अस्तित्वात राहिलेली नसल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे" असे कळविणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. मी ट्राबानची कायमची रहिवासी असून माझे वय त्र्याऐंशी आहे. माझे पती फेस्टी कनीन शेवंडाची मासेमारी करीत. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला मुलगा झाला. तो रडला नाही. सुईण बीना एवढेच म्हणाली, "डेलिया, इकडे बघू नकोस. भिंतीकडे तोंड कर." मी केले. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या मुलाला त्या काळी चर्चच्या आवारात जागा देत नसत. अशी मुले समुद्राकाठच्या एका उंचवट्यावर ठेवण्याची आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. फेस्टींनी होडीच्या फळ्यांची पेटी केली, ती कोटाखाली धरून एकटेच गेले, पुरून आले आणि डोक्याशी एक पांढरी गारगोटी ठेवली. घरी येऊन त्यांनी हात धुतले आणि चहा मागितला. पुढे बऱ्याच वर्षांनी शेतात बटाटे काढताना ते माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "मी त्याला मॅकडारा म्हणालो होतो. काहीतरी म्हणायला हवं होतं ना." मॅकडारा हा आमच्याकडे दर्यावर जाणाऱ्यांचा संत आहे. आम्हांला पुन्हा मूल झाले नाही.

२. फेस्टी वारले तेव्हा त्यांना टेकडीवरच्या, परिषदेच्या दफनभूमीत ठेवले. त्याच सुमारास समुद्र तो उंचवटा खालून पोखरू लागला होता. म्हणून मुलाला वडिलांजवळ हलविण्याची परवानगी मी आपल्या कार्यालयाकडे मागितली. त्यासाठी मृत व्यक्तीच्या जन्माची किंवा मृत्यूची नोंद लागते असे उत्तर आले. जी मुले जिवंत जन्मलीच नाहीत त्यांची नोंद त्या वेळी होत नसे. खिडकीवरच्या मुलीने मला समजावून सांगितले, "म्हणजे बघा आजी, तो गेला हे दाखवायला तो आधी होता हे दाखवावं लागेल." बोलून झाल्यावर तिलाच ते कसेसे वाटले असावे. तिने दोनदा माफी मागितली. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

३. हलविता येत नसेल तर निदान आडोशाला भिंत घाला, असा दुसरा अर्ज मी केला. आपले अभियंता येऊन गेले. परिषदेच्या दफनभूमींत ही जागा दाखल नाही, सबब तेथे खर्च करता येत नाही, असा त्यांचा अहवाल आहे. उलट राजधानीतील पुरातन स्थळांच्या कार्यालयाने कळविले की जागा प्राचीन व संरक्षित असून परवानगीशिवाय तेथे एक दगडही ठेवू नये. खालची वाळू सरकारची, तिचे कार्यालय आणखी तिसरेच. एका कार्यालयाच्या मते जागा नव्हतीच आणि दुसऱ्याच्या मते ती हात लावू नये इतकी मोलाची होती. समुद्राने या तिघांपैकी कोणालाही विचारले नाही.

४. त्यानंतर मी आमच्या भागातून निवडून आलेले परिषद सदस्य श्री. कॅथल रुआन यांच्याकडे गेले. त्यांनी मासिक सभेत भिंत घालण्याचा ठराव मांडला. एरवी कचऱ्याच्या गाड्यांवरून एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या सदस्यांनीही बाजूने हात वर केले. ठराव एकमताने मंजूर झाला. मी मागच्या बाकावर बसले होते व मला रडू आले. पुढील सभेच्या इतिवृत्तात असे आढळले की बाब मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या अधिकारातील असल्याने ठरावाची फक्त नोंद घेण्यात आली आहे. बाहेर पायऱ्यांवर श्री. रुआन म्हणाले, "हे बघा डेलिया, वार्षिक अंदाजपत्रक, विकास आराखडा, उपविधी, एवढंच आम्हा निवडून आलेल्यांच्या हातात. बाकी सगळं वरच्या मजल्यावर ठरतं."
मी म्हटले, "मग मत वरच्या मजल्यालाच द्यावं म्हणते."
ते म्हणाले, "तिथे मतपेटी जात नाही हो." आणि त्यांनी मला गाडीने घरी सोडले.

५. एका शनिवारी दोन गृहस्थ स्वतःच्या ट्रॅक्टरने मोठे दगड घेऊन आले व त्यांनी उंचवट्याच्या पायथ्याशी रचले. त्यांची नावे मी देत नाही, कारण ते आपल्याच रस्ते विभागात नोकरीला आहेत. मी म्हटले, "तुमची नोकरी जाईल." त्यांतला थोरला म्हणाला, "कोणी विचारलं तर दगड आपोआप आले म्हणून सांगा. माझ्या आजीची दोन आहेत इथे." यानंतर विनापरवाना दगड ठेवल्याबद्दल आपल्या सहीची नोटीस मला आली. दगड मला हलविता येईनात, तेव्हा ते परिषदेच्या गाडीतून नेण्यात आले. ते न्यायला कामाच्या दिवशी, कामाच्या कपड्यांत, तेच दोघे पाठविले गेले. थोरल्याने वर पाहिले नाही. "डेलिया, मला घर चालवायचंय," एवढेच तो म्हणाला. मी त्याला चहा दिला.

६. जानेवारीच्या वादळात उंचवटा गेला. सकाळी मी खाली उतरले तेव्हा नुसता चिखलाचा उभा कडा होता आणि काळ्या शेवाळात पांढऱ्या गारगोट्या पार पाण्यापर्यंत विखुरल्या होत्या. इतक्या असतील असे मला वाटले नव्हते. दुसरे काही दिसले नाही. दिसू नये म्हणून मी देवाकडे मागत होते, आणि दिसावे म्हणूनही. कोणी न बोलावता गाव गोळा झाले. ज्या बायकांनी आयुष्यभर माझ्यापाशी कधी असला विषय काढला नव्हता, त्या कोटांचे ओचे करून त्यांत गारगोट्या भरत होत्या. तोच थोरला गृहस्थ मासळीची खोकी घेऊन आला. त्याने विचारले, "यातली तुमची कुठली?" मला ओळखता येईना. मी म्हटले, "सगळ्याच वर घ्या." खोकी सध्या माझ्या सरपणाच्या खोपटात आहेत.

७. त्यानंतर संदर्भात दिलेले आपले पत्र आले. जागा अस्तित्वात "राहिलेली" नाही, असे आपण लिहिता. राहिलेली नाही, म्हणजे होती. इतक्या वर्षांत आपल्या कार्यालयाने हे प्रथमच मान्य केले, याबद्दल मी आभारी आहे.

८. आता हलवायला काही उरले नाही. म्हणून फेस्टींच्या दगडावर त्यांच्या नावाखाली मुलाचे नाव घालावे, एवढीच माझी इच्छा आहे. परंतु परिषदेच्या उपविधीनुसार कबरीत जे पुरले आहेत त्यांचीच नावे तिच्या दगडावर घालता येतात, आणि पाथरवट परवानगीशिवाय छिन्नी लावीत नाही. उपविधीत बदल करणे सदस्यांच्या हातात आहे. या वेळी तरी अधिकार त्यांचाच, असे श्री. रुआन सांगतात. मात्र वरच्या मजल्यावरून अहवाल खाली आल्याशिवाय विषय घेता येत नाही, असेही तेच सांगतात. तो अहवाल आपण पाठवावा, ही विनंती.

९. आणखी एक. सभेत प्रत्येक विषय सचिव मोठ्याने वाचून दाखवितात, हे मी पाहिले आहे. आपल्या कागदांत माझ्या मुलाचा उल्लेख सर्वत्र "अनामिक अर्भक" असा आहे. विषयपत्रिकेवर तेवढे नको. तेथे "मॅकडारा कनीन" असे लिहावे. त्याच्या बापाने हे नाव एकदा वाऱ्यात एकट्याने घेतले आणि एकदा बटाट्याच्या शेतात. मी तर ते अजून कोणापुढे उच्चारलेले नाही. हा अर्जही लिहूनच दिला आहे. सभेच्या दिवशी मी बसने येऊन मागच्या बाकावर बसेन. मला बोलू द्यावे अशी मागणी नाही. सदस्यांना परवानगी नाकारायची असल्यास त्यांनी जरूर नाकारावी. पण नाकारायलाही आधी नाव वाचावे लागेल, सगळ्यांसमोर, मोठ्याने. मला तेवढे पुरेल.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
डेलिया कनीन
ट्राबान
दि. ४ मार्च २०१९

सोबत : १) आपल्या पत्राची प्रत. २) दगडांबाबतच्या नोटिशीची प्रत.